पाच माणसं, सहा पलंग आणि चार सीटबेल्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर कळेल. तुम्ही बारा दिवसांसाठी ७ मीटर लांबीची, सहा जण झोपतील अशी मोटरहोम, म्हणजे आत पलंग-ओटा असलेली गाडी, भाड्याने घेताय. बरोबर बायको, आठ आणि पाच वर्षांची मुलं आणि आई. आजवर फक्त कार चालवली आहे. आडव्या पडलेल्या मोटरहोमचा फोटो पाहिला आणि पोटात गोळा आला. विचारताय की ही गाडी कारपेक्षा किती धोक्याची, वेग किती ठेवावा, जादा विमा घ्यावा का, आणि रात्री मुलं चालकाच्या डोक्यावरच्या पलंगात झोपलेली असताना निम्मं अंतर उरकून घेतलं तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर लगेच देतो. नाही चालणार.

अठरा वर्षं भाड्याच्या मोटरहोम ग्राहकाच्या ताब्यात देणं आणि परत आल्या की तपासून घेणं, हे माझं काम. गाडी निघताना कशी होती आणि येताना तिच्या अंगावर काय उमटलंय, दोन्ही बघतो. त्यावरून माझं मत असं झालंय की लोक आकाराला घाबरतात आणि आकाराची सवय तर तासाभरात होते. खरी गडबड वेगळी आहे. स्टिअरिंगवरचा माणूस तिला कारसारखी चालवतो आणि मागे बसलेले तिला घरासारखी वापरतात. चाकं फिरत असताना ती फक्त माल भरलेला टेम्पो असते, आणि मालात आपली माणसंही आली.

‘किती धोक्याची’ याला एक आकडा देता येत नाही. पत्र्याच्या व्हॅनमध्ये आतून पलंग-ओटा बसवलेली गाडी वेगळी, आणि व्हॅनच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, मागे वेगळी पेटी चढवलेली गाडी वेगळी. दुसऱ्या प्रकारात पुढची केबिन कारखान्यात बनलेली, एअरबॅगवाली असते. पण मागची पेटी म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबर, मधे फोम, कुठे कुठे लाकडी पट्ट्या. उन्हापावसासाठी ती उत्तम. धडक झाली तर मात्र ती वाकत नाही, फाटते. तुम्ही वर्णन केलेली गाडी या दुसऱ्या जातीची दिसते. म्हणून कोण कुठे बसतंय, इथूनच सुरुवात करू.

जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ लिहिलेलं असतं तो आकडा पलंगांचा. प्रवासात बसायच्या जागा किती, हा आकडा वेगळा असतो, कागदपत्रांत असतो, आणि बरेचदा चार असतो. तुम्ही पाच जण आहात. बुकिंग पक्कं करण्याआधी सीटबेल्टवाल्या जागा किती, हे लेखी विचारा. दरवर्षी एक तरी कुटुंब असं येतं की ताबा घ्यायच्या दिवशी पाचव्या माणसासाठी बेल्ट नाही हे त्यांना कळतं, आणि मग ‘आई काय, मागे सोफ्यावर आडव्या होतील’ असा तोडगा निघतो.

तो तोडगा का नको, याचं गणित सोपं आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो आदळतो त्याचा जोर सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. ताशी ५०! हायवेचा वेग सोडाच. वरच्या पलंगात झोपलेली मुलं तर डोकं समोर असेल त्या दिशेने, मधे फक्त गादी आणि पातळ पत्रा ठेवून हा मार खाणार. कलंडली तरी तेच. बाजूला तोंड करून बसायच्या आडव्या सोफ्यावर बेल्ट असला तरी तो मला पटत नाही, कारण धक्का बसतो तेव्हा शरीर कुशीवर मुरगळतं. प्रवासात समोर किंवा मागे तोंड करून असलेलीच जागा घ्यायची.

मुलांसाठी आणखी एक तपासणी करा. मागच्या टेबलालगतच्या जागेला कधी कधी फक्त कमरेचा पट्टा असतो. त्यावर उंची वाढवणारं बूस्टर चालत नाही, खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. आणि कारमधली तुमची चाइल्ड सीट इथे बसेलच असं नाही. बाकाची खोली आणि पाठीचा कोन वेगळा असतो. ती सीट घेऊन एकदा गाडीत बसवून बघा. फोनवर ‘हो हो, बसते’ असं कुणीही सांगेल.

माणसांनंतर सामान. एक गाडी परत आली होती. अपघात काहीच नाही, फक्त समोर जनावर आलं म्हणून करकचून ब्रेक. वरच्या कप्प्याची कडी नीट बसलेली नव्हती. जड बुडाचं पातेलं तिथून निघालं, दोन्ही सीटच्या मधून गेलं आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये रुतलं. मी ते उपटून काढलं तेव्हा दांडा वर होता आणि खाली चंद्रकोरीसारखी खाच पडली होती. चालकाचा कोपर तिथून वीतभर अंतरावर असतो. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो: जड वस्तू खाली, दोन एक्सलच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या, मधे, आणि वरच्या कप्प्यात फक्त कपडे, टॉवेल, पोळ्यांचे रिकामे डबे असलं हलकं काहीतरी. निघताना प्रत्येक कडी हाताने ओढून बघायची. नुसतं बघून समजत नाही.

आता वजन. हे नीट वाचा, कारण इथे चांगले चांगले फसतात. युरोपात बहुतेक मोटरहोम ३५०० किलो एकूण वजनाला मान्य असतात, कारण नेहमीचं कारचं लायसन्स तिथपर्यंतच चालतं. इतर ठिकाणी आकडा वेगळा, पण गोष्ट तीच. रिकामी गाडीच त्यातलं बहुतेक वजन खाते, आणि हातात साधारण ४०० ते ५०० किलो उरतात. तुमचा हिशेब मांडू. चालक सोडून चौघांचे १८० किलो धरा. टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. पाच बॅगा, ७५. मागच्या रॅकवर चार सायकली, रॅकसकट ७०. झाले ४२५. अजून भांडी, खुर्च्या, गॅसच्या टाक्या, अंथरुणं आणि मुलांची खेळणी यायचीच आहेत.

त्यातही सायकली सर्वांत वाईट जागी असतात. समजा पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ४ मीटर आहे आणि रॅक मागच्या चाकांच्या २ मीटर मागे. सी-सॉसारखं होतं. ६० किलो मागे लटकवले तर मागच्या एक्सलवर ६० नाही, ९० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे ३० कमी होतात. म्हणजे मागचे टायर जास्त भार सोसतात आणि स्टिअरिंग करणारी चाकं हलकी होतात. ओल्या वळणावर गाडी ‘सरळच जात होती हो’ असं लोक सांगतात, त्यामागे बरेचदा हे असतं. उपाय साधा आहे: सगळे बसून, सगळं भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या, आणि दोन्ही एक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. निघताना पाण्याची टाकी भरू नका. पाणी जवळपास सगळीकडे मिळतं. वाटेपुरतं वीस-एक लिटर पुरे.

टायरकडे मी सगळ्यात आधी बघतो, आणि नक्षीकडे नंतर. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने एका जागी उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्याकडे एकदा बाहेरून तपासायला आलेल्या गाडीची नक्षी नव्यासारखी होती आणि टायर नऊ वर्षांचा. वरचा पट्टा सुटला आणि त्याने चाकावरचं आवरण, खालचा सांडपाण्याचा पाइप, सगळं झोडपून काढलं. बाजूला बारीक भेगा दिसल्या किंवा टायर सहा-सात वर्षांच्या पुढचा असला तर मी ती गाडी घेणार नाही. तुम्हीही दुसरी मागा. हवा थंड टायरमध्ये मोजायची, आणि किती ठेवायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात बघून. कमी हवेत टायरची बाजू सतत मुडपते, तापते आणि शेवटी फाटते.

फाटलाच तर? मोठा आवाज येतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. तो रोखायचा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, वेग आपणहून उतरू द्या, गाडी ताब्यात आली की मग कडेला घ्या. हेच दुसऱ्या एका प्रसंगालाही लागू आहे आणि तुम्ही पाहिलेल्या फोटोसारखे प्रकार बरेचदा त्यातूनच होतात. डावं किंवा उजवं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतं, चालक दचकून स्टिअरिंग झटक्यात उलटं वळवतो, चाक कडेला अडतं, मग एकदम वर चढतं आणि उंच गाडी आडवी फेकली जाते. चाक खाली उतरलं ही आपत्ती नाही. तसंच सरळ चालू द्या, वेग अगदी कमी करा, कडा कमी उंच असेल तिथे हळूच वर घ्या. आरसा जाईल, पत्रा खरचटेल, चालेल.

वेगाबद्दल विचारलंत. नियमाची मर्यादा त्या त्या देशाची आणि गाडीच्या वजनाची, ती पाळायचीच. माझ्यापुरतं सांगायचं तर मोकळ्या हायवेवर मी ८० ते ९० च्या पुढे जात नाही. ताशी ८० ने दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर नुसते निघून जातात, ब्रेक लागायच्या आधीच. आणि ८० ऐवजी ११० ने गेलात तर ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवायची असते. टायर-ब्रेक चांगले असतील तर कोरड्या रस्त्यावर मोटरहोम नीट थांबतेही, पण आतली माणसं, पातेली आणि अर्ध्या टाकीतलं डचमळणारं पाणी तो धक्का सोसत नाहीत. म्हणून पुढच्या गाडीत अंतर जास्त ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजा. चार सेकंदांच्या आत तुम्ही तिथे पोचलात तर जवळ आहात. मधे कुणी तरी घुसेलच. घुसू द्या.

घाटात उतरताना ब्रेकची खरी परीक्षा. ३५०० किलोची गाडी ६०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ६० लिटर साधं पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. ती सगळी ब्रेकच्या चार चकत्यांवर टाकलीत तर काय होईल? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा पिऊन जुनं झालं की हीच हमी १५५ वर येते. ऑइलची वाफ झाली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, ऑटोमॅटिक असेल तर हाताने निवडून. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला. ब्रेकवर पाय ठेवून घसटत जायचं नाही; वेग वाढला की नीट दाबून तो खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास निसर्ग बघा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

वाऱ्याचं थोडक्यात: बाजूची भिंत म्हणजे शीड आहे. मोठ्या ट्रकशेजारून जाताना आधी एका बाजूला ढकलल्यासारखं, मग आत ओढल्यासारखं होतं. पूल सुरू होतो किंवा डोंगराचा आडोसा संपतो तिथे एकदम धक्का बसतो. वेग कमी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी निघू नका, एवढंच.

आता कमी गंभीर, पण तुमच्या बाबतीत होण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेले अपघात. परत येणाऱ्या गाड्यांवर मला हायवेचे घाव क्वचित दिसतात. दिसतात ते छपराचे कोपरे, मागचा कोपरा, आरसे, बाहेर राहिलेली पायरी आणि उघडी राहिलेली छतखिडकी. मागचा कोपरा तर मी स्वतः ठोकलाय, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात. पेट्रोल पंपावरून निघताना पुढे जागा आहे म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवलं. पुढचं नाक एका बाजूला गेलं आणि मागच्या चाकांच्या मागे लटकणारी शेपटी दुसऱ्या बाजूला फिरली, थेट खांबावर. पुढे जात असताना मागून आवाज येतो आणि क्षणभर काहीच उमगत नाही. खांब किंवा भिंत शेजारी असेल तर आधी गाडीइतकं अंतर सरळ पुढे, मग वळण.

उंची मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मीटर आणि फूट दोन्हींत लिहा, कारण पाटी कशात असेल सांगता येत नाही. छपरावरचा एसी किंवा अँटेना धरून. पूल लक्षात राहतो, पण पंपाचं छत, झाडाची फांदी आणि पार्किंगचा आडवा दांडा विसरतो.

रिव्हर्स घेताना कॅमेरा असला तरी एक माणूस खाली उतरवा. कॅमेऱ्याला वरची फांदी दिसत नाही. तो माणूस आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, त्याची ‘येऊ द्या, येऊ द्या’ कितीही ऐकू येत असली तरी. थांबण्याची खूण आधी ठरवा, दोन्ही हात वर, आणि ती करायचा अधिकार आठ वर्षांच्या मुलालाही द्या. मात्र मुलं उभी राहतील ती गाडीच्या मागे नाही, बाजूला, मोठ्यांचा हात धरून.

इथवरचं तुमच्यापुरतं सांगायचं तर: बुकिंगआधी बेल्ट मोजा, निघण्याआधी वजन करा, टायरचं साल वाचा. गॅसचं राहिलं. चालताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. धडक झाल्यावर आपोआप बंद होणारा रेग्युलेटर असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो आहे का ते विचारून घ्या. इंधन भरायला जाण्याआधी गॅसवर चालणारा फ्रिज बंद करा, त्याच्या मागे चक्क ज्योत असते. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो; जमिनीलगतची छिद्रं थंडी येते म्हणून बुजवू नका. आग लागली तर सामान वाचवायचं नाही. अग्निशामक दाराजवळ हवा, आणि आपत्कालीन खिडकी कशी उघडते ते आईंना आणि मुलांना पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने उघडून बघू द्या. कुठे बंद पडलात तर हॅझर्ड लावा, सगळ्यांना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवा आणि रेलिंगच्या पलीकडे उभं करा. पाऊस असला तरी. आत बसून चहा करायचा मोह होतो, घर आहे ना! मागून येणाऱ्या ट्रकला ते घर दिसतंच असं नाही.

रात्रीच्या प्रवासाकडे परत येतो. मुलं वर झोपू शकत नाहीत हे झालं. तुमचंही बघा: तीन सेकंद डोळा लागला तर ताशी ८० ने ६७ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोप मागतंच, आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा थोडी. त्यातून अनोळखी गाडी अनोळखी तळावर अंधारात लावायची; आमच्याकडे येणारे मागचे कोपरे बहुतेक या वेळचे असतात. दर दोन तासांनी थांबा आणि उजेड असताना मुक्काम गाठा. त्यामुळे दिवस कमी पडत असतील तर ठिकाणं कमी करा.

विमा. जादा घ्याच असं मी सरसकट सांगणार नाही. आधी करारातलं ‘काय वगळलं आहे’ हे पान वाचा. अनेक करारांत छप्पर, खालची बाजू, टायर आणि पुढे ताणायची कापडी छत्री वगळलेली असते, म्हणजे नेमकं तेच जे नवशिक्याकडून मोडतं. ते भरून निघत असेल तर घ्या, नाहीतर पैसे वाया. शिवाय मान्य वजनापेक्षा गाडी जास्त भरली किंवा बेल्टपेक्षा जास्त माणसं बसवली, तर कंपनी हात वर करायला मोकळी असते, मग कुठलाही विमा घेतलेला असो.

ताबा मिळाला की लगेच हायवेला लागू नका. मोकळ्या मैदानात एक तास काढा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उभ्या करून त्यांच्यामधून रिव्हर्स घ्या, शेपटी किती फिरते ते बायकोला बाहेर उभं करून बघायला सांगा, मग तुम्ही बाहेर आणि त्या आत. दोघांनाही चालवता येणं हे बारा दिवसांत फार उपयोगी पडतं. आणि त्याआधी, कराराचा मसुदा हातात आला की बेल्टवाल्या जागांचा आकडा आणि मान्य वजन तेवढं मला कळवा. आई कुठे बसतील ते ठरवून मग सायकलींचं बघू.